अर्ध्या तिकिटात धम्मयात्रा

आपल्या समाजात माणूस घराबाहेर पडतो तो कामासाठी, लग्नकार्यासाठी, मयतीसाठी, नाहीतर चैत्यभूमी-दीक्षाभूमीला. नवरा-बायकोने पिशवी उचलून चार-पाच दिवस नुसते पाहायला जावे, ही गोष्ट अजूनही चैनीत मोजली जाते. आमच्या सायखेड्यात कांद्याची लावणी आणि द्राक्षाची छाटणी यांतून बायांना उसंत मिळते कुठे? तरी गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे एस.टी.ने कोकणात जाऊन आलो. भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आधी खर्चाचे बोलू. १७ मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात महिलांना एस.टी.चे अर्धे तिकीट आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धेच. आमचे हे सदुसष्ट वर्षांचे. म्हणजे दोघांचे मिळून एकच तिकीट! आधार कार्ड तेवढे जवळ ठेवावे. बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, ती दोन दिवस पुरली. मुक्कामाला साधे लॉज पाहिले. निघताना शेजारीण म्हणाली, "या वयात कसली हौस बाई!" मी हसून सोडून दिले.

गोदावरी आमच्या गावाजवळून पूर्वेकडे वाहते. आम्ही निघालो पश्चिमेला. नाशिकहून पनवेल, पनवेलहून महाड. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा दिवस मावळत होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी याच तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर खटला चालला तो दहा वर्षे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. तारीख पाहा, तीच १७ मार्च! अर्ध्या तिकिटाची तारीख ठरवताना हे कोणाच्या मनात नसेल, पण माझ्या मनात ते जुळले. सार्वजनिक तळे काय आणि सार्वजनिक गाडी काय, ती सर्वांची असते. हे आपल्याला भांडून सिद्ध करावे लागले.

दुसऱ्या दिवशी महाडजवळची गांधारपाले लेणी पाहिली. हमरस्त्यावरूनच ती डोंगरात दिसतात. तिथे खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्या शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात. उपासक-उपासिका भिक्खुसंघाला लेणी दान देत, तशी पोढीही दान देत. वर डोंगरात पाण्याचे दान, आणि खाली गावात माणसाला पाण्याची बंदी! मध्ये किती शतके गेली आणि काय काय हरवले, हे तिथे उभे राहिल्यावर कळते.

पुढे मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव. तिथे वंदन करून दापोलीला गेलो आणि दापोलीहून वणंदला. वणंद हे माता रमाईंचे माहेर. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून नेत. आईवडील लहानपणीच गेले आणि रमाई भावंडांसह मुंबईला मामा-काकांकडे आल्या. पुढचे कष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहेत. रमाईंना एकदा पंढरपूरला जायचे होते. जिथे आपल्याला दारातून आत घेत नाहीत तिथे कशाला जायचे, आपण दुसरे पंढरपूर निर्माण करू, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. धम्मदीक्षेचा दिवस त्यांनी पाहिला नाही.

वणंदमध्ये मला हेच सारखे आठवत होते. त्या माउलीची एक यात्रा राहून गेली. मी मात्र नवऱ्याच्या शेजारी, खिडकीच्या सीटवर बसून आले. डोळे भरून आले. हे काही बोलले नाहीत, पाण्याची बाटली पुढे केली.

संध्याकाळी हर्णै बंदरावर गेलो. समुद्र मी दादरला पाहिला होता, पण तो ६ डिसेंबरच्या रांगेतून, जड मनाने. हर्णैला तो निवांत पाहिला. होड्या किनाऱ्याला लागत होत्या, वाळूवर माशांचा लिलाव चालला होता, कोळणी भाव करत होत्या. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मी वाळूवर बसले आणि तासभर काहीच केले नाही. असा तास माझ्या आयुष्यात आधी आला नव्हता.

परतताना मुंबईकडून नालासोपाऱ्याला गेलो. प्राचीन काळी सोपारा हे मोठे बंदर होते. तिथल्या स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा अस्थिकरंडक आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. त्याच साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. या आठव्या लेखात आहे तरी काय? पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि मौजेसाठी फिरत. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बुद्धगयेला गेला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्माविषयी बोलायचे. त्याच काळात सोण आणि उत्तर हे दोन थेर सुवर्णभूमीला, म्हणजे ब्रह्मदेश-थायलंडच्या बाजूला गेले, असे महावंसात सांगितले आहे. पुढे १९५४ साली बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. तिथले विहार पाहणे आपल्या खिशाला परवडायचे नाही कदाचित. पण सोपारा, महाड आणि वणंद तर एस.टी.च्या अंतरावर आहेत!

भगिनींनो, साखरपुड्याला आणि मांडवाला आपण कर्ज काढतो. त्यातले थोडे वाचवून नवरा-बायकोने वर्षातून एकदा बाहेर पडावे. नातवंडे मोठी असतील तर एकाला सोबत घ्यावे, म्हणजे पाटी वाचून दाखवायला माणूस होतो. कोणी हौस म्हणाले तर म्हणू द्यावे. हौसही आपल्या वाट्याला यायला हवीच, आणि अशोकाने तिला वाट घालून दिलेली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!