पासंग

शहागंजात अब्बांचं किराणा दुकान होतं. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी ते तराजू उचलायचे. आधी रिकामी पारडी बघायचे. दांडी सरळ राहिली तरी त्यांचं समाधान होत नसे. मग दोन्ही पारड्यांत एकेक किलोचं वजन ठेवायचे, वजनांची अदलाबदल करून पुन्हा बघायचे. "खाली तराजू तो झूठा भी सीधा रहता," असं म्हणायचे. पासंग लावून रिकामा तराजू कुणीही सरळ करतो. खोट कळते ती भार पडल्यावर.

मी दुकानात बसलो नाही. रसायनशास्त्र शिकलो आणि इथेच, एका माती तपासणी प्रयोगशाळेत लागलो. माझ्या हातात आला पीएच मीटर. मातीचा सामू मोजायचा: एक भाग माती, अडीच भाग पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळायचं, मग इलेक्ट्रोड बुडवायचा. आकडा दोन दशांशांपर्यंत येतो, त्यामुळे खराच वाटतो.

एका मे महिन्यात पैठणकडचे एक शेतकरी मोसंबीच्या बागेची माती घेऊन आले. नवी पालवी पिवळी पडत होती, शिरा मात्र हिरव्या. मीटर म्हणाला ७.१. मी सांगितलं, "काका, माती उत्तम आहे. मुळांना रोग असेल, ते बघा." त्यांनी बुरशीनाशकावर पैसे घातले.

पुढच्या आठवड्यात वही चाळताना दिसलं की ओळीने अकरा नमुने ७.० ते ७.१ च्या आत. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. अकरा गावच्या माती एवढ्या एकमताच्या कशा? मी इलेक्ट्रोड ९.२ च्या बफर द्रावणात बुडवला. मीटरने तिथेही ७.१ च सांगितलं.

काचेच्या बल्बला केसाएवढी चीर गेली होती. सात सामूला इलेक्ट्रोडचा विद्युतदाब जवळजवळ शून्य असतो, आणि चिरलेला बल्ब काहीही दिलं तरी शून्याच्या आसपासच राहतो. मी घाईत रोज फक्त ७ च्या बफरने तपासत होतो. तिथे तो रोज पास होत होता. मी रोज रिकामा तराजू बघत होतो!

नव्या इलेक्ट्रोडवर त्या बागेची माती ८.४ निघाली. फरक १.३ अंकांचा दिसतो, पण सामूत एक अंक म्हणजे दहा पट. हा फरक वीस पट होता. एवढ्या सामूला जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. झाडाला रोग नव्हता, भूक होती. मी काकांना फोन केला, चूक माझी म्हणून सांगितलं आणि चिलेटेड लोहाची फवारणी सुचवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "औषधाचं बिल गेलं ते गेलं. आता बाकीच्या दहांनाही फोन करा." केले.

तेव्हापासून शिस्त सोडली नाही. रोज सकाळी ताजं बफर, आधी ७ चं, मग ९.२ चं, कारण आपल्या माती त्या दोहोंच्या मधे येतात. वापरलेलं बफर बाटलीत परत ओतायचं नाही. तापमान बघायचं: २५ अंशांना ९.१८ असलेलं बोरॅक्सचं बफर ४० अंशांना ९.०७ च्या आसपास येतं, आणि आपल्याकडचा मे कसा असतो ते तुम्ही जाणताच. प्रत्येक नमुन्यानंतर बल्ब डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, टिश्यूने हलकेच टिपायचा, घासायचा नाही. काळी माती चिकटून बसते, तिला वाळू द्यायचं नाही. संध्याकाळी इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात ठेवायचा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवणं स्वच्छ वाटतं, पण त्यानेच तो लवकर निकामी होतो.

अब्बांचा तराजू आता माझ्या घरी खुंटीला टांगलेला आहे. रिकामा आहे, म्हणून अगदी सरळ दिसतो.