धडधाकट पुलाची नोंद

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या जत्रेला, नदीकाठी माणसांचा समुद्र लोटतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र पूल येतो. पुलावर माणसं दाटली की वजन वाढतं, आणि वजन वाढलं की त्याची नैसर्गिक वारंवारता (तो सेकंदाला किती वेळा हलतो तो आकडा) थोडी उतरते. गर्डरला तडा गेला तरी उतरतो तो हाच आकडा. यातली गर्दी कुठली आणि तडा कुठला, हे ओळखणं माझ्या पीएच.डी.चा विषय आहे.

पद्धत ऐकायला सोपी आहे. पुलाला सेन्सर लावायचे. वारा आणि वाहनं त्याला हलवतातच, ती थरथर मोजायची. पूल कमजोर झाला की वारंवारता घटते, पण ताठपणाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने. सगळ्या पुलाचा ताठपणा 10 टक्के गेला तरी ती जेमतेम 5 टक्के उतरते. एकाच जागचा तडा तर बहुधा आकड्यात दिसतही नाही. 1993 साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये, पाडायला काढलेल्या एका महामार्ग-पुलाचा मुख्य गर्डर मुद्दाम चार टप्प्यांत कापला. शेवटचा काप बसेपर्यंत वारंवारता जवळपास जागची हलली नाही. त्याच राज्यातल्या अलामोसा कॅन्यन पुलावर मात्र नुसत्या दिवसभराच्या उन्हाने ती 5 टक्क्यांच्या आसपास खालीवर झाली! स्वित्झर्लंडच्या झेड-24 पुलावर कडाक्याच्या थंडीत डांबर गोठून ताठ झालं आणि वारंवारता चढली. हे कळलं, कारण पाडण्यापूर्वी जवळपास वर्षभर तिथे नोंदी घेतल्या होत्या.

आमच्याकडे डांबर गोठत नाही, पण मे महिन्यातलं ऊन आणि पौषातली पहाट यांच्यामधला फरक काही थोडाथोडका नाही. धडधाकट पुलाचं ऋतुमान ठाऊक नसेल, तर आजाराचा आकडा वाचायचा कशाच्या आधारावर?

महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एसटी बस त्याच्याबरोबर गेल्या. या घटनेनंतर मला हे काम निव्वळ गणिताचं वाटलेलं नाही.

आमच्या भागातली नागपूर-छिंदवाडा ही रेल्वेची छोटी लाइन 2015 मध्ये बंद होऊन सौंसरवरून मोठी लाइन गेली. तिचे पूल अजून तरुण आहेत. पूल सांभाळणाऱ्या अभियंत्यांना माझं एवढंच सांगणं आहे: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी निदान एका वर्षाची कंपनं आत्ताच नोंदवून ठेवा. पूल म्हातारा झाल्यावर ही नोंद कुठूनही मिळणार नाही.