न उडवता पास केलेली गोळी

काडतूस चांगले आहे की नाही हे ते उडवल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा उडवले की ते उरत नाही. लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याच्या तपासणीत माझी सगळी नोकरी गेली. या धंद्याचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो, असे मला वाटते. सीमेवरच्या जवानाच्या हाती जे काडतूस पडते, ते कोणीही उडवून पाहिलेले नसते. उडवलेली असतात त्याच लॉटमधली दुसरी. लाखाच्या घरातला लॉट तयार होतो, त्यातून ठिकठिकाणचे काही शेकडा नग काढतात. त्यातले काही तापवतात, काही गोठवतात, काही पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग प्रूफ रेंजवर उडवतात. वेग मोजतात, नळीतला दाब मोजतात, लक्ष्यावर गोळ्या किती जवळजवळ पडल्या ते पाहतात. त्यावरून उरलेल्या सगळ्या लॉटचा निकाल लागतो. पास झालेल्या लॉटची एकेक पुंगळी गेजमधून जाते, डोळ्यांखालून जाते. पण ती उडेलच याची हमी कारखान्याच्या शब्दावरच असते.

पूर्वी हा भार शिपायावर होता. ठासणीची बंदूक ज्यांनी कोकणात पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. दारू वेगळी, गोळी किंवा छर्रे वेगळे, टोपी वेगळी. किती दारू घातली, किती ठासली, टोपी कोरडी होती का, याचा जाब बंदूक चालवणाऱ्यानेच द्यायचा. कारखाना त्याला फक्त सामान पुरवी. युरोपातल्या आजच्या काही मोठ्या काडतूस कंपन्यांची सुरुवात याच टोप्यांपासून झाली आहे. प्रागमध्ये १८२५ साली सेलियर या फ्रेंच वंशाच्या व्यापाऱ्याने टोप्यांचा कारखाना काढला. ती सेलियर अँड बेलो कंपनी आज दोनशे वर्षांनीही चेक प्रजासत्ताकात काडतुसे बनवते आहे. बर्मिंगहॅमच्या कायनॉकने १८६२ साली विटन इथे काम मांडले. पुढे धातूची पुंगळी आली. तिने टोपी, दारू आणि गोळी या तिन्ही गोष्टी एकात बांधल्या, आणि त्याबरोबर जबाबदारी शिपायाच्या हातून कारखान्याकडे गेली. यंत्रे मोठी झाली, माल वाढला, हे सगळे खरेच आहे. पण मी या काळाकडे पाहतो तेव्हा मला हा जबाबदारीचा बदलच सर्वांत मोठा दिसतो.

आपल्याकडे हा बदल होत असतानाच १८५७ आले. एनफिल्ड रायफलीचे काडतूस कागदी होते. ते दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. त्याला लावलेली चरबी गाई-डुकराची आहे ही बातमी जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदमहून पसरली. मग सरकारने शिपायांना आपले आपण मेण-तेल लावायची मुभा दिली; तरी संशय चरबीवरून कागदावर गेला. बंडाची कारणे अनेक होती आणि इतिहासकारांनी ती मांडलेली आहेत. मी तपासणीतला माणूस, म्हणून मला त्यात दिसते ते एवढेच, की आपण दिलेल्या वस्तूत काय आहे हे पुरवठादाराने वापरणाऱ्याला खरे आणि वेळेवर सांगितले नाही. भरवसा एकदा गेला की नंतर काढलेल्या हुकमाने तो परत येत नाही.

त्यानंतर बारा वर्षांनी, १८६९ साली, खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला. तेव्हा स्नायडर रायफलीचा जमाना होता आणि तिचे काडतूस पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनत असे. त्यानंतर मार्टिनी-हेन्री आली, मग १८८८ साली .३०३. बुडावर के आणि एफ ही अक्षरे आणि त्यांच्यामध्ये बाण, ही खडकीची खूण पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातल्या .३०३ पुंगळ्यांवर आजही संग्राहकांना सापडते. परदेशातल्या संग्राहकांनी या खुणांच्या याद्या वर्षवार लावून ठेवल्या आहेत. पुण्यात मात्र खडकी बाजारातून रोज जाणाऱ्यालाही तिची ओळख नसते.

पुंगळी पितळेचीच का, हा प्रश्न मला पाहुणे हमखास विचारायचे. चाप ओढला की नळीच्या मागच्या कप्प्यात हवेच्या तीन हजारपटींहून जास्त दाब क्षणार्धात तयार होतो. त्या क्षणी पुंगळी फुगून कप्प्याच्या भिंतीला घट्ट चिकटली पाहिजे, म्हणजे तापलेला वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. आणि दाब उतरताच ती थोडी आकसली पाहिजे, नाहीतर बाहेर निघणार नाही. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांचे पितळ ही दोन्ही कामे करते. तांब्याची टंचाई पडली तेव्हा जर्मनीने पोलादी पुंगळ्या काढल्या, रशियाने लाख चढवून त्या सर्रास वापरल्या, आणि त्या चालतात. पण गोदामात वर्षानुवर्षे ठेवायचा माल असेल तर मी पितळेच्याच बाजूने मत देईन.

मात्र पितळालाही एक आजार आहे आणि तो जगाला आपल्याच देशात प्रथम नीट दिसला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत. पावसाळा संपल्यावर पेट्या उघडल्या की अनेक पुंगळ्यांना गळ्यापाशी, जिथे पितळ गोळीभोवती आवळलेले असते तिथे, उभ्या चिरा गेलेल्या दिसत. कोणी ठोकले नाही, कोणी उडवले नाही, तरी धातू आपोआप तडकलेला. ऋतूबरोबर येणाऱ्या या चिरांचे पूर्ण कोडे १९२१ साली सुटले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळाला लागतो, आणि घडवताना पितळात जो ताण कोंडलेला राहतो तो त्या जागी धातू फोडतो. यातले एकच कारण असेल तर काही होत नाही. दोन्ही जमली की पुंगळी जाते.

उपाय आधीपासून होता, तो म्हणजे ताव देणे. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकताना मधूनमधून तापवतात. ठोकून कडक झालेला धातू तापवला की पुन्हा मऊ होतो. पुंगळीचेही तसेच आहे. पट्टीतून आधी वाटी कापतात, ती ठशातून ओढतात, तावतात, आम्लाने धुतात, पुन्हा ओढतात. असे चार-पाच वेळा झाले की भिंत पातळ आणि बूड जाड राहिलेली नळी तयार होते. शेवटी फक्त गळा ज्योतीवरून फिरवून नेतात. फौजेच्या कित्येक काडतुसांच्या गळ्यापाशी निळसर-तपकिरी झाक दिसते ती याच तावाची. बाजारातल्या काडतुसांवरून ती पुसून चकचकीत करतात. आमच्याकडे ती ठेवलेली बरी वाटे, कारण नुसत्या डोळ्याने पाहून गळा तावला गेला आहे हे कळते. शिवाय नमुन्याच्या पुंगळ्या पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून पाहत. ताण उरला असेल तर थोड्या वेळात चीर उमटते. भिंगाखाली केसाएवढी रेघ दिसली, की लॉट थांबवायचा. उत्पादनाचा महिना अखेरीला आलेला असताना ही रेघ दाखवायला जीव धजावत नाही. पण तपासनिसाची नोकरी त्यासाठीच असते.

दमदमचे नाव मात्र जगाच्या शब्दकोशात वेगळ्या कारणाने गेले. १८९० च्या दशकात तिथले कॅप्टन बर्टी-क्ले यांनी .३०३ च्या गोळीचे टोक उघडे ठेवले. अशी गोळी शरीरात शिरल्यावर पसरते आणि जखम भयंकर होते. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी घातली गेली. ब्रिटनने ती बंदी मान्य करायला १९०७ पर्यंत वेळ घेतला. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांना साध्या गोळीने आवर बसत नाही, असे म्हणत त्या काळी या गोळीचे समर्थन केले जाई. मला ते कधी पटले नाही. आपल्या हातून जाणाऱ्या मालाने कोणाला काय होते याची लाज या धंद्यात शिल्लक राहिली पाहिजे, आणि हेगच्या बंदीने ती कागदावर आणली याबद्दल मला आदर आहे.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा धक्का १९६२ च्या चीन युद्धाचा. जुन्या .३०३ च्या जागी ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरणी रायफल आली आणि तिच्या काडतुसांसाठी भुसावळजवळ वरणगावचा कारखाना १९६४ साली उभा राहिला. पुढे इन्सास रायफल आल्यावर ५.५६ मिलिमीटरचे काडतूस सुरू झाले. अलीकडे फौजेने पुन्हा ७.६२ च्या रायफली घेतल्या आहेत. म्हणजे एका पिढीत कारखान्यांना दोनदा ठसे, गेज आणि माणसांचे हात बदलावे लागले. रायफल विकत घेण्याची बातमी होते; तिच्या काडतुसाचे यंत्र लागायला आणि पहिला लॉट पास व्हायला किती काळ जातो याची होत नाही.

महाराष्ट्राचा यातला वाटा फारसा कोणाला ठाऊक नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. दारूगोळ्याची कंपनी म्युनिशन्स इंडिया, तिचे मुख्यालय पुण्यात, आणि तिच्या १२ कारखान्यांपैकी सहा महाराष्ट्रात आहेत. खडकीत दोन, एक काडतुसांचा आणि दुसरा १९४० पासून स्फोटके बनवणारा, देहूरोडला प्रकाश आणि धूर करणारा माल, वरणगावला लहान काडतुसे, भंडाऱ्याला दारू, भद्रावतीच्या चांदा कारखान्यात तोफगोळे भरण्याचे काम. नागपूरच्या सोलर उद्योगसमूहाने २०२१ साली फौजेला हातबाँब पुरवायला सुरुवात केली, तेव्हा खाजगी कंपन्याही या क्षेत्रात खऱ्या अर्थाने उतरल्या. मला खाजगी मालाचे वावडे नाही. फक्त तपासणारा माणूस माल बनवणाऱ्याच्या हाताखाली नसावा, हा जुना दंडक कंपनी सरकारी असो वा खाजगी, कोणी मोडू नये.

नागरी मालही याच कारखान्यांतून निघतो. खडकीची बाराबोरची ‘शक्तिमान’ काडतुसे परवानाधारक शेतकऱ्यांच्या ओळखीची आहेत. रानडुकरांपासून शेत राखणारे आणि नेमबाजी शिकणारे दोघेही ती वापरत आले. .३१५ रायफलीचे काडतूसही असेच. इंग्रजांनी फौजेचे .३०३ हे माप लोकांना ठेवू दिले नाही, म्हणून हे वेगळे माप चालू झाले आणि स्वातंत्र्यानंतरही चालू राहिले.

कामगारांबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. दारू भरण्याच्या खात्यात काम करणाऱ्याला डेंजर बिल्डिंग वर्कर म्हणतात. सगळे डीबीडब्ल्यू एवढेच म्हणतात. त्यांच्या इमारती एकमेकींपासून लांब असतात आणि भोवती मातीचे उंच बांध असतात, म्हणजे एक गेली तर शेजारची वाचावी. दाराशी आडवी फळी असते. बाहेरची चप्पल फळीच्या अलीकडे, आतले बूट पलीकडे, आणि मधल्या जमिनीला पाय लागू द्यायचा नाही, कारण तळव्याला चिकटलेला वाळूचा कण पुरेसा असतो. काडेपेटी, मोबाइल, किल्ल्या गेटवरच ठेवायच्या. आत शिरण्याआधी तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. टोपीतला मसाला चिमूटभर असतो, पण घर्षणाने पेटणारा. तो हाताळणारी माणसे हळू चालतात, हळू बोलतात. घरी गेल्यावरही त्यांची ती सवय जात नाही. एवढे करूनही अपघात होतात. भंडाऱ्याच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगार दगावले. ज्यांची नावे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एका ओळीत येतात, त्यांच्या कसबावर ही सगळी साखळी उभी असते.

वाचकांना शेवटी एक कळकळीची विनंती. जुन्या वाड्यात, आजोबांच्या ट्रंकेत, विहिरीचा गाळ काढताना कधी काडतुसे सापडतात. नगरजवळ खारे कर्जुने भागातल्या सरावक्षेत्रावर पितळ-तांब्याच्या भंगारासाठी लोकांनी न फुटलेले गोळे उचलले आणि जीव गमावले आहेत. पन्नास वर्षांपूर्वीची दारू मेलेली असेल असे गृहीत धरू नका. जुनी होताना ती निकामी होण्याऐवजी बेभरवशाची होते, आणि पुंगळीला चीर गेली असेल तर आत काय झाले आहे हे मलाही बाहेरून सांगता येणार नाही. असे काही दिसले तर ते घासू नका, उघडू नका, चुलीजवळ ठेवू नका, मुलांच्या हाती देऊ नका. आहे तिथेच राहू द्या आणि जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा ११२ वर कळवा.