पाण्यातली पाळी

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा जलाशयाला काठ आहे, पण भिंत नाही. भातशेतीच्या सिंचनासाठी १९१७ मध्ये घातलेल्या मातीच्या धरणामागे साचलेले हे पाणी टेकड्यांच्या खोबणींत शिरत गेले आहे. पावसाळ्यात ते झाडांच्या बुंध्यांपर्यंत चढते, उन्हाळ्यात मागे सरून चिखलाचा पट्टा उघडा टाकते, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदके त्यावर उतरतात तेव्हा पाणी नेमके कोठे संपते हे सांगणे अधिकच अवघड होते. अशा पाण्यात माणूस पोहू शकतो, दमू शकतो, बुडूही शकतो; परंतु त्याला शंभर मीटर पोहता येत नाहीत, कारण शंभर मीटर हे अंतर मुळात दोन भिंतींच्या मध्ये असते, आणि भिंतच नसेल तर एकाने थांबावे कोठे व दुसऱ्याने सुरू करावे कोठून, हा प्रश्न सुटत नाही.

पुरुषांच्या ४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेचे सारे सौंदर्य या एकाच प्रश्नावर उभे आहे. फ्रीस्टाइल म्हणजे नियमानुसार हव्या त्या शैलीत पोहण्याची मुभा. प्रत्यक्षात मात्र आळीपाळीने हात फेकत आणि पाय अखंड आपटत पोहण्याची क्रॉल ही शैली सर्वांत वेगवान ठरल्यामुळे सगळे जण तीच पोहतात. रिले म्हणजे एका देशाच्या चौघांनी एकामागून एक पोहायची शर्यत, ज्यात प्रत्येकाने पन्नास मीटर लांबीच्या तलावाची एक जाऊन-येऊन फेरी करायची असते. धावण्याच्या रिलेत एका हातातून दुसऱ्या हातात दांडू जातो. पाण्यातल्या रिलेत काहीच हस्तांतरित होत नाही. येणारा भिंतीला हात लावतो, जाणारा त्याच्या डोक्यावरून उडी घेतो, आणि या दोघांची नजरानजरही होत नाही.

या अदलाबदलीचा नियम कठोर आहे. पाण्यातल्या सहकाऱ्याचा हात भिंतीवरील स्पर्शपट्टीला लागण्यापूर्वी ठोकळ्यावरच्या पोहणाऱ्याचे पाय सुटले, तर संपूर्ण चमू बाद होतो. विद्युत यंत्रणेच्या सूक्ष्म चुकीसाठी तेवढी ०.०३ सेकंदाची सवलत दिलेली असते. पहिल्या टप्प्याचा पोहणारा इशाऱ्याचा आवाज ऐकून झेपावतो, आणि आवाज कानी पडण्यापासून पाय सुटेपर्यंत त्याचा अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ सहज जातो. पुढच्या तिघांना आवाजाची वाट पाहावी लागत नाही. समोरून येणाऱ्याचे शेवटचे हात मोजत ते आधीच पुढे झुकतात, हातांचा झोका घेतात, आणि सहकारी अजून पोहोचलेला नसतानाच शरीराचा भार परत घेता येणार नाही इतका पुढे टाकून बसतात. म्हणूनच वैयक्तिक विक्रमासाठी फक्त पहिल्या टप्प्याची वेळ ग्राह्य धरली जाते आणि उरलेल्या तिघांच्या वेळा, कितीही थक्क करणाऱ्या असल्या, तरी चमूच्या बेरजेतच विरघळून जातात.

भिंत मात्र या शर्यतीला उशिरा मिळाली. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची ४ × २०० मीटर रिले १९०८ च्या लंडन स्पर्धेत प्रथम झाली, आणि १९१२ मध्ये स्टॉकहोमला ती चक्क एका खाडीच्या पाण्यात, शंभर मीटरची आखणी करून घेण्यात आली. तेथे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संयुक्त चमूने १० मिनिटे ११.६ सेकंदांत विश्वविक्रम केला. बोदलकशाचे धरण त्यानंतर पाच वर्षांनी उभे राहिले, म्हणजे काही काळ तरी जगातील सर्वश्रेष्ठ रिले आणि विदर्भातील तलाव एकाच जातीच्या पाण्यात होते, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १९२४ च्या पॅरिस स्पर्धेत पन्नास मीटरचा तलाव आणि मार्गिका वेगळ्या करणारे दोर आले, पाणी चौकटीत बसले, आणि ४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिले १९६४ मध्ये टोकियोला पुरुषांसाठी सुरू झाली.

सिंचनाच्या जलाशयाला पाळी अपरिचित नसते. महाराष्ट्रातील कालव्यांवर जी पद्धत शेजपाळी म्हणून ओळखली जाते, तिच्यात ठरलेल्या क्रमाने, बहुधा शेपटाकडून मुखाकडे, एकेका शेतकऱ्याला ठरावीक वेळ पाणी मिळते. एकाची वेळ संपते त्या क्षणी शेजाऱ्याची सुरू होते, आणि रात्रीची पाळी असली तर फावडे घेऊन आपल्या बांधीच्या, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या खाचराच्या, तोंडाशी माणूस आधीपासून उभा राहतो. तो लवकर पाणी वळवील तर तंटा होईल, उशिरा वळवील तर त्याच्या वाट्याचे पाणी पुढे निघून जाईल. ठोकळ्यावरच्या पोहणाऱ्याचे काम याहून फारसे वेगळे नाही, आणि धानाच्या पट्ट्यात वाढलेल्या वाचकाला रिलेचा नियम समजावून सांगण्याची गरज कदाचित पडणारही नाही.

या शर्यतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या ऑलिम्पिक तलावात घडले. अमेरिकेचा मायकेल फेल्प्स पहिला टप्पा ४७.५१ सेकंदांत, गॅरेट वेबर-गेल दुसरा ४७.०२ मध्ये आणि कलन जोन्स तिसरा ४७.६५ मध्ये पोहला. दुसऱ्या टप्प्याअखेर फ्रान्सच्या ०.४३ सेकंद पुढे असलेला हा चमू तिसऱ्या टप्प्यानंतर ०.५९ सेकंद मागे पडला होता. फ्रान्सचा शेवटचा पोहणारा होता अ‍ॅलेन बर्नार, ज्याच्या नावावर त्या सकाळपर्यंत शंभर मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम होता. अमेरिकेचा होता बत्तीस वर्षांचा जेसन लेझाक. पन्नास मीटरच्या वळणावरही बर्नार स्पष्टपणे पुढे होता. त्यानंतर लेझाक शेजारच्या मार्गिकेच्या दोराला लगटून पोहू लागला, पुढच्याने फाडलेल्या पाण्याच्या ओढीचा लाभ घेत राहिला, आणि भिंतीला हात लागला तेव्हा त्याचा टप्पा ४६.०६ सेकंदांचा होता. अमेरिका ३ मिनिटे ८.२४ सेकंद, फ्रान्स ३ मिनिटे ८.३२ सेकंद. फेल्प्सच्या त्या स्पर्धेतील आठ सुवर्णपदकांपैकी एक या ०.०८ सेकंदाच्या फटीतून निसटता निसटता राहिले. त्या काळच्या पोहण्याच्या विशेष पोशाखांचाही या वेळांत वाटा होता, आणि २०१० पासून त्यांवर बंदी आली. तरीही तो सांघिक विक्रम २०२५ च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेनंतरही अबाधित राहिला आहे.

लेझाकची आठवण निघते तेव्हा आदल्या दिवशीच्या प्राथमिक फेरीचा विसर पडतो, आणि हा विसर अन्यायाचा आहे. त्या फेरीत अमेरिकेचे नेथन एड्रियन, कलन जोन्स, बेन वाइल्डमन-टोब्रिनर आणि मॅट ग्रेव्हर्स यांनी ३ मिनिटे १२.२३ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. दुसऱ्या सकाळी अंतिम फेरीत एकट्या अमेरिकेनेच नव्हे, तर पाच देशांनी त्याहून कमी वेळ घेतला. चौघांपैकी जोन्स तेवढा अंतिम चमूत घेतला गेला. उरलेल्या तिघांना नियमाप्रमाणे सुवर्णपदक मिळाले, पण त्यांचा विक्रम पुरता एक दिवसही टिकला नाही.

त्याच २००८ मध्ये, त्याच तलावात, कोल्हापूरचा सोळा वर्षांचा वीरधवल खाडे पन्नास, शंभर आणि दोनशे मीटर फ्रीस्टाइलमध्ये उतरला होता. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने पन्नास मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले, आणि १९८६ मधील खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर चोवीस वर्षांनी भारतीय जलतरणाला आशियाई पदक लाभले. २०१८ मध्ये जकार्ताला पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे कांस्य त्याच्याकडून सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. परंतु बीजिंगच्या रिलेत भारत नव्हता. एक वीरधवल एखाद्या गावातून, एखाद्या घराच्या जिद्दीतून निर्माण होऊ शकतो. रिलेला मात्र जवळपास सारख्या वेगाचे चौघे एकाच वेळी, एकाच शैलीत, आणि एकमेकांच्या शेवटच्या हातांची चाल पाठ असलेले हवे असतात. या अर्थाने रिले देशातल्या सर्वोत्तम माणसापेक्षा त्याच्या खालोखाल असलेल्या तिघांचीच परीक्षा अधिक घेते, आणि ही परीक्षा भारताला आजवर जड गेली आहे.

एकदा मात्र ती जमली. मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या ४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिलेत सिंगापूर पहिला, फिलिपिन्स दुसरा आणि भारत तिसरा आला; भारताच्या चमूत आयझॅक मन्सूर, बिमल चंद्र, शंभू साहा आणि सचिन नाग हे चौघे होते. सिंगापूरच्या निओ च्वी कोकने त्या स्पर्धेत रिलेसह चार सुवर्णपदके मिळवली, पण शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये नाग त्याच्या पुढे राहिले आणि आशियाई स्पर्धांच्या इतिहासातील भारताचे पहिले सुवर्ण त्यांच्या नावावर लागले. नाग यांना २०२० मध्ये मरणोत्तर ध्यानचंद पुरस्कार मिळाला. मुंबईच्या मन्सूर यांचे नाव मात्र आज मुंबईतही क्वचितच कोणाला सांगता येईल. त्यांचे जलतरणातील आशियाई पदक सांघिक बेरजेत होते, आणि बेरजेतली संख्या वेगळी काढून कोणी जपत नाही. तरीही त्या चमूचे रहस्य अगदीच अनाकलनीय नाही: नाग आणि मन्सूर १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताच्या वॉटरपोलो चमूत, म्हणजे पाण्यात तरंगत चेंडू एकमेकांकडे देत गोल करण्याच्या खेळात, एकत्र खेळले होते, पाण्यातला जोडीदार कोणत्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज त्यांच्या अंगवळणी पडला होता, आणि दिल्लीच्या त्याच स्पर्धेत भारताने वॉटरपोलोचे सुवर्णपदकही जिंकले.