मीटर बारा दाखवतो तेव्हा

संपादकबाईंनी लेख मागताना दोन अटी घातल्या: आकृत्या नकोत आणि गणित नको. पहिली मी पाळतो आहे. विषय त्यांचाच. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या ओळखीतल्या एका निवृत्त जोडप्याचा ट्रेलर माझ्या आवारात आला होता आणि तेव्हापासून ती हकीगत इथल्या प्रत्येक मराठी जेवणावळीत कुणीतरी चुकीची सांगतं. ‘मॅग्नेट गेले होते’ म्हणे. मॅग्नेट गेलेले नव्हते.

आधी यंत्र समजून घ्या. अमेरिकेत पिकअपमागे ओढतात त्या फिरत्या घरांना, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरना, बहुधा ड्रम ब्रेकच असतात. पण ते विजेवर चालतात. तेलाचा दाब वगैरे काही नसतो. गाडीतला कंट्रोलर एका निळ्या वायरीतून ट्रेलरला वीज पाठवतो. प्रत्येक ड्रमच्या आत एक मॅग्नेट असतो. वीज आली की तो फिरत्या ड्रमच्या सपाट आतल्या तोंडाला चिकटतो आणि त्याच्याबरोबर ओढला जातो. तो एका तरफेच्या टोकाला बसवलेला असल्यामुळे ओढला गेला की तरफ हलते आणि पुढचा शू ड्रमवर दाबते. पुढच्या शूला ड्रमची ओढ लागली की तो मागच्या शूला रेटतो. मागच्याचं लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, लांब असतं आणि बहुतेक काम तोच करतो. मॅग्नेट फक्त सुरुवात करून देतो. पुढचा जोर ड्रमच्या फिरण्यातूनच येतो. म्हणूनच डाव्या चाकाची जुळणी चुकून उजवीकडे बसवली तर सगळे भाग कोरे करकरीत असूनही ब्रेक दुबळा राहतो. असे ट्रेलर मी पाहिलेत.

हे जोडपं डेन्व्हरकडून आय-70 महामार्गाने निघालं होतं. दोन एक्सलचा जुना ट्रेलर, भरून साधारण तीन टन. आयझेनहॉवर बोगदा सुमारे 3,400 मीटर उंचीवर आहे. त्यातून पलीकडे निघालं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडी भरलेल्या चढत्या वाटा काढून ठेवल्या आहेत. तिथे ट्रेलर पिकअपला मागून ढकलायला लागला. काकांनी कंट्रोलरची हाताची दांडी पूर्ण दाबून धरली, फरक शून्य. खाली पोचले तेव्हा पिकअपच्या पुढच्या चाकांतून धूर येत होता. काकू म्हणाल्या, “मी रामरक्षा म्हणत होते, आणि हे म्हणत होते गेन वाढव.”

गेन! या शब्दाने माझी पित्तप्रकृती झाली आहे. गेन म्हणजे कंट्रोलरने ट्रेलरला किती जोरात वीज पाठवायची त्याची मर्यादा. ती सपाट कोरड्या रस्त्यावर, ताशी 25 मैलांच्या आसपास, नुसती दांडी दाबून ठरवायची: चाकं अडकायच्या बेतात यावीत, पण घसरू नयेत. व्हिडिओ बघून शिकलेली मंडळी मात्र गेनला औषध समजतात. ब्रेक कमी वाटला की आकडा वर. आकडा दहावर गेला, आता पुढे जागा नाही, मग ट्रेलर माझ्याकडे.

मी मूळचा सांगलीकडचा. एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या बघत वाढलो. कित्येक ट्रॉल्यांना ब्रेकच नसायचा आणि ड्रायव्हरला ते पक्कं ठाऊक असायचं. उताराच्या आधीच तो गिअर खाली घ्यायचा. इथे ब्रेक आहे या भरवशावर लोक उतारावर येतात. दोन्हींपैकी जास्त भीती मला कशाची वाटते, हे विचारू नका.

माझ्याकडे येण्याआधी काका दोन गॅरेजांत जाऊन आले होते. एकाने चारही मॅग्नेट बदलले, दुसऱ्याने कंट्रोलर. मी पहिल्यांदा जॅक लावून चाकं उचलली. मागच्या प्लेटच्या फटीतून वाकडा पाना घालून शू ड्रमकडे सरकवणारी दातेरी चाकी फिरवायची. चाक हाताने फिरेनासं झालं की उलट फिरवून सैल करायची, लायनर हलकं घासल्याचा आवाज येत राहील इतपत. चारही चाकांत लायनर ड्रमपासून इतकं लांब होतं की तरफेची निम्मी चाल ते अंतर कापण्यातच जात होती. नव्या ट्रेलरचे ब्रेक पहिल्या 200 मैलांनंतर आणि पुढे दर 3,000 मैलांनी ॲडजस्ट करायचे असतात. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की ती माझ्याकडे मी पैसे उकळतोय अशा नजरेने बघतात.

ॲडजस्ट केल्यावर ब्रेक सुधारला, पण पुरेसा नाही. आता बाईंची दुसरी अट मोडणं भाग आहे.

काका म्हणाले, “अहो, पण व्होल्ट बारा आहेत. दोघांनीही मीटर लावून दाखवले.” बरोबर आहे. दाखवले असतील. मॅग्नेटची वायर सोडवून तिच्या टोकाला मीटर लावला की तो बारा दाखवणारच. तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी दाखवेल. कारण मीटर वीज ओढतच नाही. मॅग्नेट ओढतो. प्रत्येक मॅग्नेटचा रोध सुमारे 3.2 ओहम, चार समांतर जोडले की मिळून 0.8. वाटेतल्या गंजक्या जोडांनी त्यात फक्त 0.4 ची भर घातली तर एकूण 1.2 होतो. बारातले चार व्होल्ट वाटेतच खर्च होतात, मॅग्नेटच्या वाट्याला आठ येतात. मीटरचा स्वतःचा रोध कोट्यवधी ओहमच्या घरात, त्याच्यापुढे 0.4 किस झाड की पत्ती! मग वायरीचाच रोध मोजावा म्हणाल, तर साध्या मीटरच्या दोन पिनांच्या वायरींचाच रोध 0.2-0.3 निघतो. चोर पकडायला गेलेला शिपाई चोराएवढाच.

म्हणून भार लावूनच तपासायचं. ट्रेलर पिकअपपासून सोडवला आणि ब्रेकअवेची पिन ओढली. ट्रेलर सुटून पळाला तर ट्रेलरच्याच बॅटरीतून ब्रेक लागावेत म्हणून ही सोय असते, आणि ती ओढली की कंट्रोलर, पिकअप, प्लग हे सगळे संशयित बाजूला होतात. (पिन फार वेळ ओढून ठेवू नका, मॅग्नेट तापतात.) वाटेतली थोडी घट धरूनही चार मॅग्नेटना मिळून 12 अँपिअरच्या आसपास जायला हवेत. वायरीभोवती क्लॅम्प मीटर धरला: जेमतेम 7. म्हणजे निम्म्याहून जास्त व्होल्ट वाटेतच गडप होत होते.

चोरी ट्रेलरच्या पोटाखाली होती. वायरीचं आवरण टोचून पकडणारे प्लॅस्टिकचे चिमटे, उघड्यावर. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, ते अशा जोडांत शिरलं की तांब्याची हिरवी भुकटी होते. अर्थची पांढरी वायर चॅसीला एका गंजक्या स्क्रूने धरलेली. आणि एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वायर पोकळ एक्सलमधून नेलेली, भोकाच्या कडेवर घासून सोललेली. तिथे जाड वायर नवी टाकली, ती एक्सलच्या बाहेरून नेली, जोड दाबून बसवले, वर गोंद असलेली नळी तापवून आवळली. मीटरवर 11 च्या वर.

त्या दोन गॅरेजांतले लोक अडाणी नव्हते, हेच मला खुपतं. हातात मीटर होता, तो वाचताही येत होता. पण चाचणीला पैसे मिळत नाहीत, भाग बदलायला मिळतात. मी इतका वेळ पोटाखाली आडवा पडतो तो तरी परवडतो का, हा हिशेब बायको दर वर्षअखेर मांडते.

ड्रम उघडले तेव्हा मागच्या डाव्या चाकात ग्रीसचा चिखल. एक्सलच्या टोकाला ग्रीस भरायचा निपल असतो. काका दर वसंतात चाक न फिरवता पंप मारत होते, आतलं सील फुटलं आणि ग्रीस थेट लायनरवर. “ब्रेक क्लीनर मारू या ना,” ते म्हणाले. लायनरमध्ये मुरलेलं ग्रीस क्लीनरने निघत नाही. वरून कोरडं दिसतं आणि तापलं की पुन्हा पाझरतं. त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंचे शू बदलले, नाहीतर ब्रेक एकीकडे ओढतो. मग नव्या लायनरची बैठक: ताशी 40 मैलांवरून 20 वर, नुसत्या ट्रेलरच्या ब्रेकने, वीस-तीस वेळा, मध्ये ड्रम निवू देत. काकूंनी मागे बसून मोजलं.

सपाट रस्त्यावर दांडी दाबली तेव्हा पट्टा काकांच्या छातीत रुतला. ते खूश. बिल बघेपर्यंत. “मग ते नवे मॅग्नेट कशाला बसवले हो?” मी म्हटलं, ज्यांनी बसवले त्यांना विचारा. जुने चार त्यांनी एका खोक्यात जपून ठेवले होते. टेबलावर घेऊन एकेक मोजला: चारही 3.2 च्या आसपास, झीज दाखवणारी बारीक भोकंसुद्धा अजून शाबूत. खोकं पलंगाखाली ठेवा म्हणालो, पुढेमागे लागतील.