काचेचा ग्लास

साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला निघालं की वाटेत आमचं मेढा लागतं. जावळी तालुक्याचं हे गाव. जावळी म्हटलं की लोकांना १६५६ साल आठवतं, शिवाजी महाराज आणि चंद्रराव मोरे आठवतात. आम्हा गावकऱ्यांना मात्र त्याबरोबर एसटी स्टँडजवळची चहाची टपरीही आठवते. वर पत्रा, खाली एक शेगडी, बाजूला चौघं बसतील एवढं बाकडं. बाकीचे उभ्यानेच पितात, नाहीतर पार्सल घेऊन गाडीत चढतात. टपरीला पाटी नाही. मालकाला सगळे मामा म्हणतात. मामांनी उमेदीची वर्षं मुंबईत माथाडी कामात काढली. चहात आलं ठेचून घालतात, पावसाळ्यात गवती चहाची पात.

माझे अब्बा पहाटे फजरची नमाज पढून या टपरीवर जायचे. तेव्हा सगळा चहा काचेच्या ग्लासातच मिळायचा. पहिल्या गाडीचा कंडक्टर, दूध घालायला आलेला शेतकरी, कचेरीतला शिपाई, शेळ्या विकायला निघालेला धनगर आणि आमचे अब्बा. एकाने पिऊन ठेवलेला ग्लास मामा दोन बादल्यांत विसळायचे आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचे. कोणता ग्लास कोणाच्या ओठाला लागला होता, हे त्या बादल्यांनाही ठाऊक नसायचं.

ही गोष्ट आपल्याला साधी वाटते, पण ती फुकट मिळालेली नाही. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. हजर मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशींनी ही नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचणाऱ्या रानड्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तेही कपभर चहापायी. पुढे कित्येक वर्षं रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू चहा’, ‘मुसलमान चहा’ अशा आरोळ्या ऐकू यायच्या. खेड्यांतल्या हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळी असायची, ती त्यांनीच धुऊन बाहेर ठेवायची. आणि आपणही काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. अशराफ कोण, अजलाफ कोण, कोणाच्या घरचं पाणी चालतं, हे हिशेब मुसलमानांच्या बिरादऱ्यांतही होतेच.

म्हणून मला कैरोच्या सूफींची आठवण होते. कॉफी जगाला माहीत झाली ती येमेनच्या सूफींमुळे. रात्रीच्या जिक्रला झोप येऊ नये म्हणून ते ती प्यायचे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत अल-अझहरच्या आसपास राहणारे येमेनी फकीर आठवड्यातून दोन रात्री जमत. लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी असे. त्यांचा प्रमुख ती लहान पळ्याने काढून देई आणि उजवीकडून क्रमाने प्रत्येकाला पाजी. तिथे आलेल्या सामान्य माणसांनाही त्यातूनच मिळे. अल-जझीरी यांनी १५५८च्या सुमारास हे लिहून ठेवलं आहे. याच कॉफीवर मक्केत १५११ साली बंदीही आली होती, कारण कॉफीच्या निमित्ताने माणसं एकत्र बसू लागली की बोलू लागतात. पुढे बाबा बुडन यांनी कॉफीच्या सात बिया अरबस्तानातून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, असं सांगतात. त्या डोंगरावरच्या स्थानाला कोणी दर्गा म्हणतं, कोणी दत्तपीठ. पिढ्यानपिढ्या दोघंही तिथे डोकं टेकवत आले. आता त्याच जागेचा वाद कोर्टात आहे.

आपल्याकडे २०२०च्या साथीत काचेचे ग्लास टपऱ्यांवरून उठले आणि कागदी कप आले. ते बरोबरच होतं, रोगच तसा होता. पण त्याच दिवसांत रोगाला धर्मही चिकटवला गेला. भाजीवाल्याचं, फळवाल्याचं नाव विचारून मग पिशवी पुढे करणारी माणसं मी पाहिली. एका ओळखीच्या घरी माझ्यासाठी मुद्दाम कागदी कप आला, घरच्यांसाठी नेहमीच्या कपबश्या. मी चहा प्यायलो, काही बोललो नाही. ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. निकाल आला, पण लोकांच्या मनातली शंका निकालाने जात नाही.

मग २०२४च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खाणावळींनी मालकाचं नाव पाटीवर लावावं, असा हुकूम निघाला. सुप्रीम कोर्टाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली. काय खायला मिळतं ते लिहा, नाव लिहायची सक्ती नको, असं कोर्टाचं म्हणणं होतं. ही बातमी वाचली तेव्हा मला मामांची पाटी नसलेली टपरी आठवली.

कागदी कपाबद्दल माझी तक्रार नाही. घाईतल्या माणसाला तो सोयीचा. पण तो कोणाचा कोणाशी संबंध येऊ देत नाही. प्यायचा, चुरगळायचा, टाकायचा. शेजारच्या माणसाच्या हातून ग्लास आपल्या हातात येण्यात जो विश्वास होता, त्याची कोणाला गरजच उरत नाही. भेदभाव संपला म्हणून नव्हे, तर प्रश्नच पुढे आला नाही म्हणून सगळं ठीक दिसतं.

मामांनी काही ग्लास जपून ठेवले आहेत. मागेल त्याला देतात, आणि आता उकळत्या पाण्यातून काढून देतात. घाई नसेल तर मी ग्लासच मागतो. सोबत कॉलेजात जाणारा मुलगा असला तर त्यालाही ग्लासच देतो. त्याला मी उपदेश करत नाही. त्याच्या आधी त्या ग्लासातून कोणी चहा प्यायला असेल, हे त्यालाही माहीत नसतं आणि मलाही.