आपल्यापुरते आणि सर्वांपुरते

जगातली प्रत्येक गोष्ट एकदाच नीट लावून टाकावी आणि पुन्हा तिच्याकडे पाहू नये, असे ज्यांना मनापासून वाटते अशा माणसांची एक जात आहे. तीच सूचना दुसऱ्यांदा द्यायची म्हटली की त्यांच्या कपाळाला आठी पडते. मी ह्याच जातीतला. दुधाचे, वर्तमानपत्राचे, विजेच्या बिलाचे एकदा ठरवून टाकले की डोके कसे मोकळे राहते! ज्या धंद्यावर माझे पोट चालते, तो संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा धंदा तर असल्या आळशी माणसांनीच वाढवला आहे.

प्रोग्रॅम लिहून झाला की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. पण शेकडो फायली गोळा करायच्या, इतरांनी लिहिलेले तयार भाग नेमक्या आवृत्तीचे शोधून आणायचे, सारे जोडायचे, तपासायचे आणि त्यातून चालणारी वस्तू बाहेर काढायची, हे पुढेच असते. ह्याला आम्ही 'बिल्ड' म्हणतो. हाताने करायला बसलात तर दिवाळीचा सगळा फराळ एकट्याने करण्याइतके ते जिकिरीचे आहे. म्हणून त्यासाठी अवजारे आहेत. त्यांतले नावाजलेले जुने अवजार म्हणजे 'मेक'. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली केले. पुढे जावा भाषेच्या दुनियेत 'अँट', 'मेव्हन' आणि 'ग्रेडल' आली. मिक्सरला जसे चटणीचे वेगळे भांडे लावता येते, तशी ह्या अवजारांना जोडभांडी लावता येतात. त्यांचे नाव प्लगिन.

आता कोणते प्लगिन लावायचे ते प्रत्येक प्रकल्पाच्या स्वतःच्या फाईलीत लिहिलेले असते. पण एखाद्याकडे चाळीस प्रकल्प असले आणि एकच प्लगिन सर्वांना हवे असले, तर तीच ओळ चाळीस ठिकाणी लिहायची? आमच्यासारख्या माणसाला हे कसे रुचावे! ग्रेडलने ह्यावर तोड ठेवली आहे. संगणकावर प्रत्येकाचे एक खाजगी दालन असते. त्याला 'होम', म्हणजे घरच म्हणतात. त्या घरातल्या ग्रेडलच्या फोल्डरात 'इनिट स्क्रिप्ट' नावाची फाईल ठेवली की त्या घरातून होणाऱ्या प्रत्येक बिल्डच्या आधी ग्रेडल ती वाचतो आणि त्यातले सारे सगळ्या प्रकल्पांना लागू करतो. स्काला भाषेच्या 'एसबीटी'तही अशी घरगुती सोय आहे. मेव्हन मात्र ह्या बाबतीत सोवळा! घरातल्या सेटिंग्जच्या फाईलीत तो अशी प्लगिने लिहूच देत नाही. सर्वांना हवे असेल तर प्रकल्पांना एक सामाईक पितृफाईल द्या आणि तिचे नाव प्रत्येकात उघड लिहा, असा त्याचा खाक्या. पूर्वी मला हा निव्वळ हेकटपणा वाटे.

घरगुती सोयीचे मोल मला डिसेंबर २०२१ मध्ये कळले. 'लॉग-फोर-जे' नावाचा जावातला एक भाग जगभर वापरला जातो. त्याचे काम साधे: घडेल त्याची नोंद ठेवणे. त्यात असे भगदाड सापडले की बाहेरचा माणूस नोंदीत एक विशिष्ट मजकूर घुसवून दूरवरून आपला प्रोग्रॅम तुमच्या सर्व्हरवर चालवू शकेल. जगभरच्या कचेऱ्यांत धावपळ उडाली. आमच्याकडे चाळीसेक प्रकल्प. त्यांतल्या कोणाच्या पोटात हा भाग दडला आहे, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना. कारण पुष्कळदा तो आपण मागवलेला नसतो, मागवलेल्या वस्तूबरोबर आलेला असतो. मी माझ्या घरात दहाबारा ओळींची इनिट स्क्रिप्ट लिहिली. तिने प्रत्येक प्रकल्पाला यादी काढणारे प्लगिन तेवढ्यापुरते जोडले. पहाटेपर्यंत सगळी यादी हातात आली, आणि एकाही प्रकल्पाच्या फाईलीतले अक्षर बदलावे लागले नव्हते. त्या पहाटेचा चहा मला फार गोड लागला.

पण ह्याच सोयीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. आमच्याकडे एक वरिष्ठ गृहस्थ होते. हुशार, मनमिळाऊ, कामाला वाघ. एका प्रकल्पाचे बिल्ड वर्षानुवर्षे त्यांच्याच संगणकावरून निघे. ते मुलीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर गेले आणि काम एका नव्या मुलीकडे आले. साताऱ्याची पोर, नोकरीला लागून दोन महिनेही झाले नव्हते. लिहून ठेवलेली प्रत्येक सूचना तिने अक्षरशः पाळली. तरी बिल्ड काही होईना. तीन दिवस ती आपल्याच चार ओळी खोडून पुन्हा लिहीत बसली. तिसऱ्या संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, मला हे जमत नाहीये. मी आईलाही कालच फोनवर सांगितलं, मी परत येते म्हणून."

मी तिचे काम पाहिले. त्यात मला खोट दिसेना. शेवटी लग्नघरी फोन लावला. मागे सनई वाजत होती. आमचे गृहस्थ सारे ऐकून खळखळून हसले. "अहो, प्रोग्रॅमचा थोडा भाग बिल्डच्या वेळी आपोआप लिहून देणारं एक प्लगिन आहे त्याला. ते माझ्या घरात आहे की!"

त्यांच्या घरात होते! म्हणून ते प्रकल्पाच्या फाईलीत नव्हते, सूचनांत नव्हते आणि त्या पोरीला दिसणे शक्यही नव्हते. ती ओळ आम्ही प्रकल्पाच्या फाईलीत आणली आणि पाच मिनिटांत बिल्ड झाले. मुलीने पडद्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "म्हणजे माझं बरोबर होतं?"

फेल्डमन यांनी मेकची जी जन्मकथा सांगितली आहे, ती मला त्या क्षणी आठवली. स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी एकदा तणतणत त्यांच्या खोलीत आले. बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ वाया गेली होती. चूक आधीच दुरुस्त झाली होती. फक्त ती फाईल नव्याने बिल्डमध्ये आली नव्हती. निरपराध माणसाने स्वतःलाच दोष देत बसू नये, ह्यासाठी हे अवजार जन्माला आले. जॉन्सन निदान तणतणू शकले. दोन महिन्यांची नोकरी असलेली मुलगी कोणावर तणतणणार? ती गाव गाठायला निघते.

तेव्हापासून माझा एक साधा हिशेब आहे. जे प्लगिन नुसते पाहते, मोजते, यादी काढते, ते खुशाल आपल्या घरात ठेवावे. ते आपल्यापुरते असते. पण ज्याने तयार होणारी वस्तू बदलते, त्याचे नाव प्रकल्पाच्या फाईलीत सर्वांना दिसेल असे असलेच पाहिजे. चाळीस ठिकाणी पाल्हाळ नको असेल, तर सगळे नियम एका सामाईक प्लगिनात बांधावेत आणि प्रत्येक प्रकल्पात त्याच्या नावाची एकच ओळ लिहावी. ती ओळ लिहिण्याचा कंटाळा मात्र करू नये. मेव्हनचा सोवळेपणा आता मला तितकासा हेकट वाटत नाही.

आमच्या घरी मावशीच्या हातची अनारशांची कृती आहे. तीत खसखस कुठेच लिहिलेली नाही. का, तर ती डब्यात असतेच! मावशी उभी असेतो अनारसे झकास होत. यंदा माझी सून ते पहिल्यांदा करणार आहे. मी कृतीचा तो जुना कागद काढला आणि शाईने त्यावर एक शब्द लिहून ठेवला.